बाणेरच्या फिनटेकचा अँड्रॉइड इंटरव्ह्यू: पाचपैकी साडेतीन

कंपनीचं नाव विचारू नका, पुण्यात अँड्रॉइडवाले सगळे एकमेकांना ओळखतात. पेमेंट अ‍ॅप आहे, पोस्ट सीनियरची होती, एवढं पुरे.

पहिला राउंड डीएसएचा (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम), ऑनलाइन. लिंक्ड लिस्ट उलटी करा वगैरे. अ‍ॅप बनवणाऱ्याला हे कशाला विचारतात देव जाणे, पण सगळेच विचारतात म्हणून हेही विचारतात, तयारी करून जा आणि विसरून जा.

खरी मजा टेक्निकल राउंडला. समोरचा माणूस स्वतः रोज कोड लिहिणारा आहे हे लगेच कळतं. अ‍ॅक्टिव्हिटीचं लाइफसायकल (स्क्रीन उघडल्यापासून बंद होईपर्यंतचे टप्पे) पाठ म्हणून दाखवा असलं काही नाही. त्याने थेट विचारलं, यूजर पैसे पाठवायचा फॉर्म अर्धा भरून मेसेज बघायला गेला, फोन कमी रॅमचा, सिस्टीमने आपली प्रोसेस मारली, परत आल्यावर त्याला काय दिसेल? इथे व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा मेमरीत धरून ठेवणारा भाग) म्हणून सुटका नाही, कारण ते फोन आडवा केला तर टिकतं, प्रोसेस गेली की तेही जातं. मग सेव्ह्डस्टेटहँडलवर (प्रोसेस गेली तरी थोडासा डेटा वाचवणारी सोय) गाडी आली, की लगेच पुढचा प्रश्न, त्यात काय ठेवणार नाहीस? अख्खी ट्रान्झॅक्शन लिस्ट कोंबली तर अ‍ॅप क्रॅश होऊ शकतं, आणि पिन तर अजिबातच नाही. आणि 'पाठवा' दाबल्यावर नेट गेलं तर? नुसता रीट्राय मारला तर पैसे दोनदा जायचे, म्हणून प्रत्येक व्यवहाराला युनिक आयडी आणि आधी सर्व्हरला स्टेटस विचारायचं, यावर आमचं बराच वेळ चाललं. असा राउंड असेल तर रिजेक्ट झालं तरी चालतं हो. नाहीतर एका ठिकाणी मला असिंकटास्क (बॅकग्राउंडला काम चालवायची जुनी पद्धत) विचारलेलं, जे अँड्रॉइड 11 पासूनच डेप्रिकेटेड आहे, म्हणजे 'आता वापरू नका' यादीत!

कंपोझ (स्क्रीन बनवायची नवी पद्धत) 2021 ला स्टेबल झालं तरी "आमचे बरेच स्क्रीन अजून जुन्या एक्सएमएलमध्येच आहेत", हे कंपनीवाल्यांनी न विचारता सांगितलं. आवडलं.

असाइनमेंट मात्र डोक्यात गेली. "वीकेंडचं काम आहे" म्हणे, आणि मागितलं काय तर पेजिंग (लिस्ट तुकड्या-तुकड्याने आणणं), ऑफलाइन कॅशिंग (नेट नसतानाही डेटा दिसणं), वर युनिट टेस्ट (कोड तपासणारा कोड). लग्नकार्य, पाहुणे, चालू जॉब, यातून कोणाचा वीकेंड एवढा रिकामा असतो? बरं, नंतर तोच कोड उघडून त्यात नवीन फिल्टर टाकायला लावला, म्हणजे वाचला तरी होता.

एचआरने आधी सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) विचारला, मग नोटीस पीरियड. 90 दिवस म्हटल्यावर, "लवकर नाही का सुटता येणार? आमची अर्जंट पोझिशन आहे." मग अर्जंटवाले आठवडेच्या आठवडे गायब, मेलला उत्तर एकच, अप्रूव्हल पेंडिंग. अर्धा स्टार असाइनमेंटचा कापला, एक यांचा. शेवटी ऑफर आली, उघडून बघितली, तर यांचा स्वतःचा नोटीस पीरियडही 90 दिवसच.