बीजगोळ्यांचा संच : माती बरी, बियाणं शिळं

मुलांनी मातीच्या गोळ्यांत बिया घालायच्या आणि पावसाळ्यात ते बाहेर टाकायचे, त्यासाठीच्या 299 रुपयांच्या या डब्यात किलोभर माती, अर्धा किलो खत, बियांच्या चार पुड्या, प्लास्टिकचे हातमोजे आणि माहितीचा कागद निघतो. पर्यावरण शिकवायचं आणि मोजे एकदा घालून फेकायचे, हे काही पटत नाही. पोरांना मातीत हात घालू द्या, नंतर साबणाने नखांसकट धुवा, झालं.

मातीला मात्र पूर्ण गुण. ती लाल, चिकण आहे. आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते; नुसत्या तिचे गोळे केले तर दुसऱ्याच दिवशी तडकतात. खतही कुजलेलं, वास नसलेलं.

'ग्लासभर पाणी ओता' असं कागदावर आहे, त्याने नुसती राड होते. 5 वाट्या माती, 3 वाट्या खत कोरडंच मिसळा आणि पाणी शिंपडत भाकरीच्या पिठासारखं मळा. मुलाने मूठ आवळली की बोटांचे ठसे उमटावेत, पाणी गळू नये. लिंबाएवढा गोळा, अंगठ्याने खळगा, त्यात एक-दोन बिया, वरून बंद. दोन दिवस सावलीत सुकवा. उन्हात वरून कडक होतो, आत ओल राहते आणि गोळा फुटतो.

खरी गोची बियांत आहे. पुड्यांवर तारीखच नाही. लिंबोळीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच घसरते. गेल्या वर्षीचं बी घातलं तर मूल महिनाभर वाट बघतं आणि 'झाड येतच नाही' एवढंच शिकतं. जून-जुलैत कडुलिंबाखाली पिकल्या लिंबोळ्यांचा सडा असतो. त्या मुलांकडूनच वेचून घ्या, गर धुवा, बी सावलीत सुकवून लगेच वापरा. चिंचोके रात्रभर भिजवा. बाभळीच्या बियांवर कढत पाणी मोठ्यांनीच ओतायचं. सुबाभळीची पुडी उघडूच नका. मूळची मेक्सिकोकडची ही झाडं जगातल्या 100 उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. एकदा शेंगा धरल्या की बांधभर पसरतात. त्याऐवजी करंज घ्या, तोही ताजा.

'पहिल्या पावसात टाका' हा सल्ला कोकणात चालेल. आपल्या काळ्या मातीच्या भागात मृगाच्या सरींनंतर पाऊस ओढ देतो आणि उघडिपीत कोंब करपतो. पेरणीला 75 ते 100 मिमी पाऊस होऊ द्या म्हणतात, तोच नियम इथे लावा. गोळे बांधावर, ओढ्याकाठी टाका. शेळ्यांच्या वाटेवर नको.

तरी बरेचसे गोळे वाया जातात, म्हणून निम्म्या बिया दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावा. तळाला दोन-तीन भोकं पाडा, पाणी रोज वाटीभर पुरे. कोंब डोळ्यांसमोर फुटलेला मुलांना दिसतो, आणि ही युक्ती कागदावर नाहीच.

गावाकडे राहत असाल तर संच घेऊ नका, सगळं फुकट मिळतं. शहरात फ्लॅटमध्ये असाल तर मातीसाठी घ्या. दिवाळीनंतर निम्म्या किमतीत मिळाला तरी बियांच्या भरवशावर नको.