पाण्यातला क्षणिक दाब मोजायचाय: पीव्हीडीएफ घ्यावा की फायबर?

लिथोट्रिप्टर (शॉकवेव्हने मुतखडा फोडणारं यंत्र) असो, फोकस्ड अल्ट्रासाउंड असो की साधा सोनोग्राफीचा प्रोब, चाचणीला पाण्याची टाकी आणि हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला दाब मोजणारा सेन्सर, लागतोच. नेहमीचा पीव्हीडीएफचा (दाब पडला की वीज देणाऱ्या प्लास्टिकचा) घ्यायचा की प्रकाशावरून दाब ओळखणारा काचेच्या फायबरचा, इथे गाडी अडते. माझं मत आधीच सांगतो: तुमचा दाब 10 मेगापास्कलच्या आतच राहत असेल, तर साध्या फायबरच्या नादी लागू नका.

का, ते आकडेच सांगतात. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) 1.33. दाब 1 मेगापास्कलने वाढला तर त्यात भर पडते जेमतेम 0.00014 ची. फायबरचं उघडं टोक पाण्यात असताना लेझरचा सुमारे 0.2 टक्के प्रकाश तिथून परत येतो. दाब वाढला की काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांतलं अंतर घटतं आणि परतणारा प्रकाशही कमी होतो. 10 मेगापास्कलला ही घट साधारण 2 टक्के. सोनोग्राफीच्या एखाद-दोन मेगापास्कलच्या पल्सला काय उरणार? भरपूर पल्सची सरासरी काढली तर सिग्नल दिसतो, पण एवढा खटाटोप कशाला? पीव्हीडीएफची पातळ फिल्म दाबाचं थेट विजेत रूपांतर करते आणि तोच पल्स ऑसिलोस्कोपवर स्वच्छ दाखवते.

मुतखडा फोडणाऱ्या यंत्राकडे आलात की पारडं फिरतं. तिथे शिखरदाब कित्येक दहा मेगापास्कल, आणि त्यामागोमाग येणारा ऋण दाब पाणी फाडून बुडबुडे काढतो. ते फुटताना फिल्मवरच्या इलेक्ट्रोडला खड्डे पाडतात. मग फिल्म बदला, पुन्हा कॅलिब्रेट करा. फायबरचं टोकही फुटतं, पण तेवढा तुकडा कापून टाकला की काम पुढे चालू. शिवाय पाणी काचेला घट्ट धरून राहतं, त्यामुळे ऋण दाबाचा भाग फायबर जास्त खरा दाखवतो. श्टुटगार्टच्या श्टाउडेनराउस आणि आयझेनमेंगर यांनी 1993 मध्ये ही पद्धत मांडली ती अशाच शॉकवेव्हसाठी.

काप नीट बसला का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. टोक हवेत धरा, परतणाऱ्या प्रकाशाची पातळी नोंदवा, मग पाण्यात बुडवा. काप सपाट असेल तर हवेतली पातळी पाण्यातल्यापेक्षा जवळपास 17 पट येते. बरीच कमी आली तर परत कापा. प्रयोग चालू असताना सिग्नल एकदम वर उसळला, तर तो दाब नव्हे, टोकावर बसलेला बुडबुडा.

तापमानाची धास्ती मात्र अनेकांना विनाकारण असते. पाणी 1 अंशाने तापलं तर अपवर्तनांक अर्ध्या मेगापास्कलहून जास्त दाब उतरल्यासारखा घसरतो, हे खरं. पण टाकी तापायला मिनिटं लागतात आणि पल्स मायक्रोसेकंदांत संपतो, त्यामुळे फिल्टर लावून तो बदल सहज काढता येतो. खरी डोकेदुखी विवर्तनाची, म्हणजे टोकाच्या कडांवरून ध्वनिलहरी वळण्याची आहे. 15 मेगाहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी 0.1 मिलीमीटर, म्हणजे जवळपास फायबरच्याच जाडीची. तिथून वर टोक दाब फुगवून सांगतं आणि गणिताने दुरुस्ती करावी लागते. विक्रेता हे सॉफ्टवेअर देतो का, ते आधी विचारा.

मधला मार्गही आहे: टोकावर पॉलिमरचा पातळ थर बसवलेला फॅब्री-पेरो फायबर, ज्यात थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. दाबाने थराची जाडी बदलते, त्यामुळे दहा-वीस किलोपास्कलपर्यंतचे दाबही सापडतात. मात्र ट्यूनेबल (तरंगलांबी बदलता येणारा) लेझर लागतो, आणि थर फाटला तर टोक कापून भागत नाही.

ध्वनिलहरींमुळे प्रकाशाच्या होणाऱ्या ज्या विवर्तनाचा सिद्धांत सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी 1935-36 मध्ये बंगळुरूत मांडला, त्यावरही दाब मोजता येतो आणि पाण्यात काही बुडवावं लागत नाही. पण प्रकाश वाटेतल्या सगळ्या दाबाची बेरीज देतो, एका बिंदूचा दाब नाही. बीम सरळ आहे का बघायला उत्तम, बाकी नाही.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि लिथोट्रिप्टर नसेल, तर पीव्हीडीएफ. दोन्ही परवडत असतील तर ताकद कमी ठेवून, 3 ते 5 मेगापास्कलच्या टप्प्यात दोघांची वाचनं एकाच जागी जुळवून घ्या. मगच फोकसवर पूर्ण ताकद लावा, आणि तिथे फक्त फायबर ठेवा.