बीटलच्या फ्लायव्हीलच्या खरेदीत झालेली फसवणूक

जुन्या फोक्सवॅगन बीटलसाठी, विशेषतः 6 व्होल्टच्या गाडीसाठी, फ्लायव्हील (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकाला बसणारे जड दातेरी चाक) शोधणाऱ्यांनी आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी माझा हा अनुभव वाचावा. आमची बीटल 1965 सालची असून तिचे इंजिन 1192 सीसीचे आहे. जुन्या गाड्यांची इंजिने अनेकदा बदललेली असतात, म्हणून मी गाडीच्या सालावर विसंबलो नाही. जनरेटरच्या बैठकीखाली कोरलेला इंजिन क्रमांक वाचला आणि तो ‘डी’ अक्षराने सुरू होत असल्याने इंजिन मूळचेच, 34 अश्वशक्तीचे आहे याची खात्री केली. मूळ फ्लायव्हीलचे दाते झिजले होते व डॉवेलची, म्हणजे ते क्रँकशाफ्टवर जागच्या जागी धरणाऱ्या खिळ्यांची, भोके लांबट झाली होती, त्यामुळे ते बदलणे भाग होते.

दुसऱ्या राज्यातील जुन्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याला मी लेखी कळवले की, मला 109 दात्यांचे आणि 180 मिलिमीटर क्लचचे फ्लायव्हील हवे आहे. त्याने खडूने ‘109’ लिहिलेल्या फ्लायव्हीलची स्वच्छ छायाचित्रे पाठवली, ‘गाडीवरून उतरवलेला ओरिजिनल माल’ असे लिहून दिले आणि पूर्ण रक्कम आधी मागून घेतली.

आलेल्या फ्लायव्हीलला 130 दाते होते. हे पुढच्या काळातील, 12 व्होल्टच्या गाड्यांचे फ्लायव्हील. त्याची रिंग मोठी असल्याने ते आमच्या गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे फ्लायव्हील ज्यात फिरते त्या घंटेच्या आकाराच्या आवरणात, बसत नाही आणि 6 व्होल्टचा स्टार्टरही त्याला जुळत नाही. फोन केल्यावर व्यापारी म्हणाला, “साहेब, बीटलची सगळी फ्लायव्हील सारखीच असतात, बेल हाउसिंग आतून थोडे घासून घ्या.” असे घासकाम 12 व्होल्टवर गाडी नेताना काही जण जाणूनबुजून करतात हे खरे, परंतु त्याबरोबर स्टार्टर आणि त्याच्या दांड्याचे टोक ज्या बुशमध्ये फिरते ते बुशही बदलावे लागते. शिवाय 130 दाते दिसले म्हणजे क्लच 200 मिलिमीटरचाच असेल असेही नाही, कारण 180 मिलिमीटर क्लचची 12 व्होल्टची फ्लायव्हीलही आहेत. म्हणून दाते आणि क्लचचा व्यास या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात.

बराच पाठपुरावा केल्यावर त्याने वाहतुकीचे पैसे पुन्हा घेऊन दुसरे फ्लायव्हील पाठवले, आणि खरी फसवणूक त्यात होती. दाते 109, क्लचचा व्यास बरोबर, वर ताजा काळा रंग. माझ्या लेथवाल्याला मात्र तो रंगच खटकला, कारण फ्लायव्हीलच्या मधल्या भागाला, जिथे ते क्रँकशाफ्टवर टेकते, रंग देण्याचे काहीच कारण नसते. थिनरने रंग पुसताच चारपैकी दोन डॉवेल भोकांभोवती वेल्डिंगचे कडे उघडे पडले. झिजून लांबट झालेली भोके भरून पुन्हा ड्रिल केलेली होती आणि मोजल्यावर ती मूळ जागेवरून सरकलेली आढळली.

हे किती घातक आहे, ते रचना पाहिल्यावर कळते. या इंजिनात फ्लायव्हील क्रँकशाफ्टला अनेक बोल्टांनी नव्हे, तर मधल्या एकाच मोठ्या ग्लँड नटने आवळलेले असते. तो 36 मिलिमीटरचा नट सुमारे 30 किलोग्रॅम-मीटर टॉर्कने घट्ट करतात आणि फ्लायव्हील फिरू नये म्हणून 8 मिलिमीटरचे चार डॉवेल असतात. डॉवेल भोकात सैल असले की फ्लायव्हील हलू लागते, नट ढिला होतो आणि क्रँकशाफ्टच्या टोकाची भोकेही खराब होतात. क्रँकशाफ्टसाठी मग सबंध इंजिन उघडावे लागते. एका सुट्या भागावर चार पैसे मिळवण्यासाठी समोरच्याचे इंजिन पणाला लावणाऱ्या माणसाला मी व्यापारी म्हणू शकत नाही.

घेणाऱ्याने आपले नाव व तारीख लिहिलेला कागद फ्लायव्हीलवर ठेवून नवे छायाचित्र मागावे. मधल्या भागावर रंग नसताना त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. दाते मोजताना एका दात्यावर खूण करून चलचित्र काढायला सांगावे. क्लच जिथे घासतो तो पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारी तबकडी) बसते ती कडा यांच्यातील उंचीचा फरकही विचारावा, कारण चकाकी आणण्यासाठी केवळ आतला भाग लेथवर उतरवला की क्लचची पकड बिघडते. यांपैकी कशालाही विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

रक्कम परत मिळालेली नाही आणि व्यापाऱ्याने आता माझा क्रमांक बंद केला आहे. दोन्ही फ्लायव्हील, त्याचे लेखी संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी व लेथवाल्याने लिहून दिलेली मापे जपून ठेवून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. त्याची ती छायाचित्रे, तोच खडूचा ‘109’ आकडा आणि खाली पसरलेले तेच निळे ताडपत्रीचे कापड, मला नुकतीच दुसऱ्या एका बीटलमालकाकडून आली, ‘हे घ्यावे का’ या प्रश्नासह.