न उघडलेल्या गिअरबॉक्सच्या ओव्हरहॉलचं बिल

ज्यांच्याकडे भरपूर चाललेली ऑटोमॅटिक व्हॅन आहे, आणि ती हल्ली मधूनच थरथरते किंवा रिव्हर्स टाकल्यावर जागची हलायला वेळ लावते, त्यांनी गाडी कुणाच्या ताब्यात देण्याआधी हे जरूर वाचावं. आमच्याकडून न केलेल्या कामाचे पूर्ण पैसे घेतले गेले. आणि काम झालंय या भरवशावर गाडी चालवत राहिल्यामुळे गिअरबॉक्स खरोखरच जळाला.

आमची व्हॅन साउंडच्या धंद्यातली आहे. स्पीकर, अँप्लिफायर, केबलच्या पेट्या आणि वर माणसं, म्हणजे रिकामी अशी ती क्वचितच धावते. मीटर तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेलं. ताशी साठ-सत्तरच्या वेगाला, पाय हलका ठेवला की सगळी गाडी बारीक थरथरायची. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला की गिअर पकडायला दोन-तीन सेकंद लागायचे. मग एक दिवस इंजिनचा दिवा लागला, म्हणून गाडी एका गॅरेजात नेली. "ऑटोमॅटिकचे स्पेशालिस्ट" अशी पाटी होती, चकाचक लिफ्ट होती, रांगेत गाड्या उभ्या होत्या. संशय यावा असं काहीही नव्हतं.

मालकाने स्कॅनर लावला, पी०७०० हा कोड दाखवला आणि म्हणाला, "दादा, गिअरबॉक्स गेला." इथून फसवणूक सुरू झाली. पी०७०० हा कोड कुठला भाग बिघडला ते सांगतच नाही. ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअरबॉक्सचा, कंट्रोलर इंजिनच्या कंट्रोलरला कळवतो की माझ्याकडे बिघाडाची नोंद झाली आहे, दिवा लाव. एवढाच त्याचा अर्थ. खरी नोंद ट्रान्समिशनच्या कंट्रोलरमध्ये असते, आणि ती वाचायला तिथपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. पुढे दुसऱ्या मिस्त्रींनी ती वाचली तेव्हा जुन्या नोंदींत पी०७४१ निघाला, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) आतला, दोघांना थेट जोडणारा लॉक-अप क्लच नीट पकडत नाही. हलक्या पायाला थरथरण्याशी हे तंतोतंत जुळतं. असा दोष कधी जुन्या तेलामुळे येतो, कधी एका सोलेनॉइडमुळे (तेलाचा दाब सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हमुळे), आणि कधी खुद्द कन्व्हर्टरमुळे. म्हणजे कोड पाहिल्या पाहिल्या अख्खा गिअरबॉक्स उतरवायला सांगण्याला काहीच आधार नव्हता.

मग त्याने पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा ट्रे, उतरवून माझ्यासमोर धरला. तळाच्या चुंबकावर राखाडी लेप होता. त्यात बोट बुडवून त्याने ते बोट माझ्या डोळ्यांसमोर आणलं. "हे बघा, लोखंड. आतलं सगळं झिजून खाली आलंय. असंच चालवलं तर रस्त्यात कुठेतरी बंद पडेल, भरल्या गाडीसकट."

चुंबक तिथे बसवलेला असतो तो हा लेप पकडायलाच. एवढ्या चाललेल्या गाडीत मऊ, बारीक राखाडी लेप सापडणारच. चिमटीत चोळला आणि टोचलं नाही तर ती रोजची झीज समजायची. चकचकीत कपचे, नखाला अडकणारे तुकडे, बुशचे पितळी कण किंवा क्लचच्या अस्तराचा काळा भुगा दिसला तर मात्र काळजीचं कारण असतं. पण मोठी रक्कम मोडायला लावायची असेल तर तेलकट काळं बोट फार उपयोगी पडतं. हा देखावा तुमच्यासमोर कुणी केला तर लेप स्वतः चोळून बघा आणि पॅनचा फोटो काढून ठेवा.

सांगितलेलं काम होतं पूर्ण ओव्हरहॉल: सगळ्या क्लच प्लेटा, सील, फिल्टर आणि नवा टॉर्क कन्व्हर्टर. निम्मे पैसे आगाऊ घेतले. गाडी ताब्यात देताना काळ्या पडलेल्या प्लेटांची पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्याच गाडीच्या. ठेवा, खात्री म्हणून." बिलावर सगळ्या भागांची नावं होती, पार्ट नंबर मात्र एकाचाही नव्हता.

सुरुवातीला गाडी छान चालली, आणि या फसवणुकीतली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. ताजं तेल, वर त्यात ते घट्ट करणारं ॲडिटिव्ह. त्यामुळे थरथर काही दिवस दबली. मग भरल्या गाडीने चढ लागला. इंजिनचा आवाज चढत गेला, काटा वर गेला, पण वेग वाढेना. क्लच घसरत होता. घसरणाऱ्या प्लेटा तापतात, तेल जळतं, जळकं तेल आणखी कमी पकड देतं, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की प्लेटा वाचत नाहीत. गॅरेजात परत गेलो तर उत्तर मिळालं, "माल जास्त भरलात. यात गॅरंटी बसत नाही."

तिथून गाडी टो करून एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी लगेच स्कॅनरला हात लावला नाही. आधी सपाट जागेवर, तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढली. पातळी गरमच्या खुणेच्या बरीच वर, आणि तेलात बारीक बुडबुडे. तेल जास्त झालं की फिरणारे भाग ते घुसळतात, त्यात हवा मिसळते आणि क्लच दाबून धरायला लागणारा दाब मिळत नाही. तेल बोटांमध्ये मधासारखी तार धरत होतं. नेहमीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, पातळ आणि निसरडं असतं.

मग गाडी लिफ्टवर चढवून त्यांनी मला खाली बोलावलं आणि टॉर्च धरला. गिअरबॉक्स इंजिनला जोडणारे मोठे बोल्ट होते तिथे. माती आणि तेलाचं कवच बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर सलग पसरलेलं, उन्हाने-धगीने भाजून कडक झालेलं. त्यांनी एका बोल्टवर पाना चढवून जेमतेम हलवला. कवच तडकलं आणि बोल्टभोवती चकचकीत गोल उमटला. बाकी एकाही बोल्टभोवती असा गोल नव्हता. पॅनचे छोटे बोल्ट तेवढे स्वच्छ होते. मिस्त्री म्हणाले, "हा गिअरबॉक्स गाडीखालून उतरलेलाच नाही."

मग तो खरोखर उतरवला. आत जुनाच फिल्टर. कन्व्हर्टरवर कारखान्यातलाच रंग, कडेला जुना गंज. क्लच प्लेटांचं अस्तर जळून गेलेलं, मधल्या स्टीलच्या प्लेटांवर तापल्याचे निळसर डाग. आणि त्या पिशवीतल्या "माझ्याच" प्लेटा? त्यांचा घेर वेगळा होता, दाते वेगळे होते, आमच्या गिअरबॉक्सच्या एकाही हबवर त्या बसल्या नाहीत. कुठल्या तरी भलत्याच गाडीच्या होत्या.

मी मिस्त्रींना सरळ विचारलं, आधीच तुमच्याकडे आलो असतो तर? ते म्हणाले, "तेल, फिल्टर, सोलेनॉइड आणि दाब, एवढं आधी बघितलं असतं. तेवढ्यात भागलं असतं की नाही, ते आज नाही सांगता येणार." मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. पहिल्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं ठाम उत्तर तयार होतं.

जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदलूच नये, बदललं की तो जातो, असं बरेच लोक सांगतात, आणि या समजाचा फायदा असली गॅरेजं उठवतात. खरी गोष्ट अशी की लोक तेल बदलायला जातात तेच मुळी गाडी घसरायला लागल्यावर. तोवर प्लेटा संपलेल्या असतात आणि खापर फुटतं नव्या तेलावर. पॅन उतरवून केलेल्या बदलात सगळं तेल निघतही नाही. कन्व्हर्टरमध्ये आणि हे तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत बरंच राहतं. म्हणून भरपूर चाललेल्या गाडीत सावध मिस्त्री पॅन उतरवून फिल्टरसकट तेवढंच तेल बदलतात, काही काळ गाडी चालवू देतात आणि मग पुन्हा बदलतात. घसरणाऱ्या गिअरबॉक्सला मशीन लावून रसायनाने धुऊन काढायला कुणी सुचवलं तर मी तरी नाही म्हणेन. आणि "लाइफटाइम तेल" या शब्दावर विसंबू नका. झेडएफ ही कंपनी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते आणि तीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते.

तेल कुठलं, हेही बिलावर लिहून घ्या. "एटीएफ" एवढंच पुरेसं नाही. त्याचे प्रकार असतात: डेक्सरॉन ६ हे डेक्सरॉन ३ पेक्षा पातळ असतं, क्रायस्लरच्या बऱ्याच व्हॅनना एटीएफ प्लस ४ च लागतं, आणि सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) तेल साध्या ऑटोमॅटिकमध्ये चालत नाही. आमच्या पहिल्या बिलावर तेलाचं नाव नव्हतं, लिटरही नव्हते.

दुसऱ्या खेपेला प्लेटा, सील, कन्व्हर्टर सगळं खरोखर बदललं आणि कूलरही नवा टाकला, कारण जळलेल्या अस्तराचा भुगा कूलरमध्ये अडकून राहतो आणि तिथून नव्या गिअरबॉक्समध्ये येतो. कुणाला ओव्हरहॉल करायचंच असेल तर गाडी देण्याआधी गिअरबॉक्सच्या मोठ्या बोल्टांवर, डोकं आणि धातू दोन्हीला लागेल अशी रंगाची रेघ ओढा आणि फोटो काढा. नव्या प्लेटा आल्या की जुन्या शेजारी ठेवून दाते जुळवून बघा.

बोल्टांचे फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो होतो. मालक म्हणाला, "आम्ही बोल्ट होते तसेच परत लावतो." तडकलेलं कवच परत सलग कसं झालं, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत द्यायला त्याने नकार दिला. आता लेखी तक्रार केली आहे आणि तिला फोटो, बिल, मिस्त्रींचं सहीनिशी निदान आणि त्या परक्या प्लेटा जोडल्या आहेत.