दोन वर्षांचा शेंगेन व्हिसा: नऊ महिने वापरल्यानंतर

युरोपातल्या २९ शेंगेन देशांना मिळून चालणारा हा व्हिसा माझ्या पासपोर्टवर १ मे २०२५ पासून आहे आणि ३० एप्रिल २०२७ पर्यंत चालणार आहे. आम्ही दोघं नवरा-बायको दोनदा जाऊन आलो, मेमध्ये ऑस्ट्रियाला आणि नोव्हेंबरमध्ये इटलीला. तिसऱ्या खेपेची जुळवाजुळव सध्या चालू आहे. व्हिसा कसा मिळाला ते बरेच जण लिहितात, पण मिळाल्यावर तो कसा चालतो हे फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमच्यासारखे बडोद्यात राहणारे, मुलाबाळांच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करणारे कुणी असतील तर त्यांना उपयोग व्हावा.

सुरुवात मात्र २०१९ पासून करावी लागेल, कारण तेव्हा आमचा व्हिसा नाकारला गेला होता. ओळखीतून एक एजंट मिळाला. हॉटेलची बुकिंगं त्यानेच केली आणि अर्ज आत गेल्यावर चार दिवसांत रद्दही केली. हे आम्हाला नंतर कळलं. त्याच्याच सल्ल्याने यांनी अर्जाच्या आठ दिवस आधी एक एफडी मोडून सगळी रक्कम खात्यात टाकली होती. उत्तर म्हणून ठरावीक कारणांचा छापील कागद आला, त्यात एका चौकोनात खूण होती: प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही. आम्ही एक अक्षर खोटं सांगितलेलं नव्हतं. तरी तो कागद हातात घेऊन दोन दिवस हे गप्प होते, ते मला आजही आठवतं. तेव्हा फी माणशी ६० युरो होती, ती परत मिळत नाही. फेब्रुवारी २०२० पासून ती ८० झाली आणि ११ जून २०२४ पासून ९०.

त्यानंतरचे तिन्ही अर्ज मी स्वतः भरले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्ससाठी, २०२४ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडसाठी. दोन्ही वेळा मोजून तेवढ्याच दिवसांचा, एकदाच आत जाता येईल असा व्हिसा मिळाला. दरम्यान १८ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नवा नियम केला: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा आत-बाहेर करता येईल असा मिळू शकतो, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा. आमचा तिसरा अर्ज मार्च २०२५ चा, ऑस्ट्रियाच्या दिल्लीतल्या वकिलातीकडे, अहमदाबादच्या व्हिसा अर्ज केंद्रातून. कव्हरिंग लेटरमध्ये मी या नियमाचा एका ओळीत उल्लेख केला आणि आधीच्या दोन्ही व्हिसांच्या पानांच्या, आत-बाहेरच्या शिक्क्यांसकट, प्रती जोडल्या. २०१९ च्या नकाराबद्दलही स्पष्ट लिहिलं. त्यांच्या यंत्रणेत तो दिसतोच, मग आपणच सांगितलेलं बरं.

आता कागदांबद्दल, कारण खरा वेळ तिथेच जातो.

आम्हा बडोदेकर मराठी लोकांचा एक खास प्रश्न आहे, तो म्हणजे नाव. गुजरातेत बऱ्याच ठिकाणी आडनाव आधी लिहितात, मग स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं. माझ्या बँकेच्या पासबुकात तसं आहे. पॅनकार्डावर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. पासपोर्टात नवऱ्याचं नाव माझ्या नावाच्याच रकान्यात. लग्नाचा दाखला १९९४ चा, हाताने लिहिलेला, गुजरातीत, आणि त्यात माझं माहेरचं नाव. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचं लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. वकिलातीत बसलेल्या माणसासमोर हे सगळं एकदम ठेवलं, तर ही एकच बाई आहे हे त्याला कशावरून कळावं? मी तीन गोष्टी केल्या. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेतला. बँकेकडून पासपोर्टातल्या क्रमाने नाव लिहिलेलं पत्र आणि सहा महिन्यांचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट घेतलं. पत्त्यासाठी लाइट बिलाऐवजी यांच्या नावाचं वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, जोडलं. नावाबद्दलचं प्रतिज्ञापत्रही दिलं, पण ते कुणी उघडून पाहिलंसं वाटलं नाही.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. हे निवृत्त, त्यामुळे कंपनीची एनओसी नाही. तिच्या जागी पेन्शनचा आदेश आणि तीन वर्षांचे आयटीआर. मी घरी संवादिनी (पेटी) शिकवते, उत्पन्न थोडं आहे, पण आयटीआर नेमाने भरते. खर्च हे करणार असल्याचं त्यांचं पत्र आणि माझे स्वतःचे आयटीआर, दोन्ही लावले. यावेळी खात्यात कुठलीही मोठी रक्कम हलवली नाही. एफडी मोडायची नाही, बँकेचं एफडीचं पत्र पुरतं, हे २०१९ ने शिकवलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी कव्हरिंग लेटरला दिला आणि माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगी कागद ठरला. एक पान, त्याहून जास्त नाही. नेटवरचे तयार नमुने वाचले, ते सगळ्यांचे सारखेच असतात: निसर्गसौंदर्य, संस्कृती, विश्रांती. मी खरं कारण लिहिलं. मी संगीत शिकवते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये ज्या गावात संगीतशाळा काढली, तिथेच मी शिकले. माझी पेटी मूळ युरोपातून आलेलं वाद्य, तिची भावंडं मला व्हिएन्नाच्या होफबुर्ग राजवाड्यातल्या जुन्या वाद्यांच्या संग्रहात पाहायची आहेत. मग मुक्काम: व्हिएन्ना सात रात्री, साल्झबुर्ग चार, म्युनिक दोन. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. आमचं ऑस्ट्रिया स्पष्ट होतं. पत्रातली प्रत्येक तारीख हॉटेलच्या, विमानाच्या आणि विम्याच्या कागदाशी जुळते ना, हे यांनी पेन्सिलीने खुणा करत दोनदा तपासलं.

अहमदाबादचा दिवस सोपा गेला. सकाळची गाडी पकडली, अपॉइंटमेंट अकराची, दीडपर्यंत मोकळे. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात. २०१९ च्या मे महिन्यात दिलेले ठसे व्हिसा नाकारला तरी २०२२ मध्ये आणि २०२४ च्या मार्चमध्येही चालले, २०२५ मध्ये मात्र नव्याने द्यावे लागले. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो. चेहरा मोठा हवा, त्यामुळे आपल्याकडचे नेहमीचे पासपोर्ट फोटो उपयोगी पडत नाहीत. आम्ही इथेच माप सांगून काढून नेले. केंद्रात कुरिअरसह अधिकच्या सेवा पुढे करतात, त्यांतलं फक्त कुरिअर घ्यावं. सोळाव्या दिवशी पासपोर्ट घरी आले. नियमात पंधरा दिवस आहेत, ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा उन्हाळ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघा.

पाकीट उघडलं तेव्हा आनंद झाला आणि त्याच क्षणी थोडं वाईटही वाटलं. मला दोन वर्षं, यांना एकच. चूक आमचीच. यांच्या पासपोर्टची मुदत ऑगस्ट २०२६ ला संपते. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत आणि परतल्यावरही पासपोर्ट तीन महिने शिल्लक हवा असतो. अर्जाआधी पासपोर्ट नवा करून घेतला असता तर दोघांना सारखाच मिळाला असता. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: लांब मुदतीचा व्हिसा हवा असेल तर आधी पासपोर्टची शेवटची तारीख बघा.

स्टिकर वाचायला शिका. मुदत दोन वर्षांची असली तरी 'राहण्याचे दिवस' या रकान्यात ९० लिहिलेलं असतं. म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९०, आणि पोहोचण्याचा नि निघण्याचा दिवस दोन्ही धरायचे. दोन वर्षं तिथे राहता येतं असा समज माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईचा होता, तिला कागदावर रेघा मारून समजावलं. आयोगाच्या संकेतस्थळावर मोजायचं साधन आहे, तारखा टाकल्या की हिशेब मिळतो.

मेमध्ये साल्झबुर्गहून म्युनिकला रेल्वेने जाताना फ्राइलासिंगला जर्मन पोलीस डब्यात चढले आणि सगळ्यांचे पासपोर्ट पाहिले. शेंगेनमध्ये आतल्या सीमा मोकळ्या, असं आपण ऐकतो. पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली आहे. यांनी पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचं म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, बरं झालं. नोव्हेंबरमध्ये त्रिएस्तेहून बसने ल्युब्लियानाला गेलो आणि परत येताना इटलीच्या हद्दीत पुन्हा तेच.

इटलीला निघताना विमानतळावर चेक-इनच्या मुलीने विचारलं, ऑस्ट्रियाचा व्हिसा आहे, मग इटलीला कसे? मला उत्तर माहीत होतं म्हणून घाबरले नाही. पहिली फेरी ज्या देशासाठी व्हिसा घेतला तिथलीच केली होती. अनेक फेऱ्यांच्या व्हिसावर पुढे शेंगेनच्या २९ देशांपैकी कुठेही उतरता येतं. तिने वरिष्ठांना विचारलं आणि बोर्डिंग पास दिले. मेच्या विमानाची तिकिटं आणि शिक्के मी मुद्दाम जवळ ठेवले होते.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. आमचे चेहऱ्याचे फोटो काढले आणि बोटं टेकवून व्हिसाच्या वेळच्या ठशांशी जुळवून पाहिली. शिक्काही मारला. पहिल्या नोंदीला वेळ लागतो, आमचा रांगेत पाऊण तास गेला, तेव्हा पुढचं विमान किंवा रेल्वे लगेचची घेऊ नका.

विम्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. अर्जात किमान ३०,००० युरोचा विमा फक्त पहिल्या फेरीचा दाखवावा लागतो. पुढच्या प्रत्येक फेरीला तो आपणच घ्यायचा असतो, तसं अर्जावर सही करून कबूल केलेलं असतं. आम्ही नोव्हेंबरसाठी घेतला आणि व्हेनिसमध्ये पुलाच्या पायरीवर यांचा पाय मुरगळला तेव्हा एक्स-रेचा खर्च त्यातून मिळाला. व्हेनिसला जायचं कारणही घरचंच होतं. लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलची मोझॅकची जमीन तिथल्या कारागिरांची, असं लहानपणापासून ऐकत आले होते. सेंट मार्कच्या चर्चमध्ये पायाखाली ते रंगीत तुकडे पाहिले आणि मी खाली वाकून हात लावला.

आता यांचा व्हिसा ३० एप्रिल २०२६ पर्यंतच आहे, म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा व्हिएन्ना. त्या वाद्यांच्या खोल्या मेमध्ये अर्ध्याच बघून झाल्या होत्या. नोव्हेंबरचे बारा दिवस हिशेबात धरले तरी ७८ शिल्लक दाखवतात, आम्हाला दहा पुरतात. परत आलो की यांचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकायचा आहे, फॉर्म मी भरून ठेवला आहे.