एलआर, एआर की एचपीएलसी ग्रेड? संशोधनासाठी रसायन निवडताना

कॅटलॉगमध्ये साधं सोडियम क्लोराइड शोधलं तरी पाच-सहा नोंदी समोर येतात: एलआर (लॅबोरेटरी रिएजंट), एआर (ॲनॅलिटिकल रिएजंट), एसीएस, मॉलिक्युलर बायोलॉजी ग्रेड, ट्रेस मेटल ग्रेड. रेणू तोच, किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. मग कोणी सगळ्यात स्वस्त बाटली मागवतं, तर कोणी ‘संशोधन आहे, तडजोड नको’ म्हणून सगळ्यात महाग. दोघांचंही नुकसान होऊ शकतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बाटलीवर ९९ टक्के लिहिलंय म्हणून निवड करू नका. उरलेल्या १ टक्क्यात काय आहे आणि त्यातलं काय तुमच्या प्रयोगाला खपत नाही, ते आधी पाहा.

एलआर की एआर

एलआर म्हणजे रोजच्या कामाचं रसायन. लेबलवर शुद्धतेचा आकडा असतो आणि फार तर दोन-चार अशुद्धींची मर्यादा. एआरच्या लेबलवर मोठी यादी असते: क्लोराइड, सल्फेट, लोह, शिसं, प्रत्येकाची कमाल मर्यादा वेगळी. तुम्ही जे जादा पैसे मोजता ते मुख्यतः या यादीचे असतात. यादी वाचायचीच नसेल तर एआर मागवून फारसं काही साधत नाही.

एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. एलआर आणि एआरच्या मर्यादा प्रत्येक कंपनी आपापल्या ठरवते. त्यामुळे एका कंपनीचं एलआर दुसरीच्या एआरच्या तोडीचं निघू शकतं. एसीएस ग्रेडचं तसं नाही. तिथे मर्यादा अमेरिकन केमिकल सोसायटीच्या समितीने ठरवलेल्या असतात, म्हणून दोन पुरवठादारांची तुलना करताना तो भक्कम आधार ठरतो. आयपी, बीपी, यूएसपी या फार्माकोपियाच्या (भारतीय, ब्रिटिश, अमेरिकी औषधसंहितांच्या) ग्रेड पाहून ‘औषधाचं आहे म्हणजे उत्तमच’ असं समजू नका. त्या मर्यादा रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आखलेल्या असतात. तुमच्या विश्लेषणाला नडणारी अशुद्धी त्यात तपासलेली असेलच असं नाही.

वर्क-अपसाठी (अभिक्रियेनंतर उत्पादन वेगळं काढताना) मिठाचं संपृक्त द्रावण, सेंद्रिय थर सुकवायला सोडियम सल्फेट, आम्ल उदासीन करायला बायकार्बोनेट, काचेची भांडी धुवायला कॉस्टिक पोटॅश, अशा कामांना एलआर पुरतं. प्रमाण द्रावण, एन्झाइमसाठीचे बफर आणि जिथे वजन थेट गणितात जातं अशी सगळी कामं, तिथे एआर घ्या.

सोडियम हायड्रॉक्साइडची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. टायट्रेशन करायचंय म्हणून त्याची महागडी ग्रेड मागवलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. पण झाकण उघडलं की गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढायला लागतात. वजनावर भरवसा ठेवता येत नाही आणि द्रावण प्रमाणित करावंच लागतं. म्हणून हायड्रॉक्साइड साधं एआर घ्या आणि पैसे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर खर्च करा. ते प्राथमिक मानक आहे, म्हणजे त्याच्या नेमक्या वजनावरून इतर द्रावणं प्रमाणित करता येतात, ओलावा सहसा घेत नाही, रेणुभार २०४.२२, आणि तुमच्या टायट्रेशनची अचूकता शेवटी त्याच्यावरच उभी असते.

जिथे टक्के काहीच सांगत नाहीत

धातूंचे उत्प्रेरक वापरणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

२००३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लेडबीटर यांच्या गटाने पॅलेडियम न घालता सुझुकी अभिक्रिया (एरवी पॅलेडियम उत्प्रेरकाने कार्बन-कार्बन बंध जोडणारी) होते असं प्रसिद्ध केलं. २००५ मध्ये त्याच गटाने स्वतःच्या कामाची फेरतपासणी केली, तेव्हा पॅलेडियम सापडलं ते बाजारात मिळणाऱ्या सोडियम कार्बोनेटमध्ये, अवघं ५० पीपीबीच्या (अब्ज भागांत ५० भाग) आसपास. टक्क्यांत मांडलं तर ०.०००००५. शुद्धता ९९.५ असो की ९९.९, हा आकडा त्या दोन्हींत दिसणारच नाही. स्वतःचा निष्कर्ष असा उघडपणे दुरुस्त करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

क्रोमस क्लोराइडची कथा उलट्या बाजूने जाते. त्याच्या मदतीने कार्बन-कार्बन बंध जोडणारी नोझाकी-हियामा अभिक्रिया कधी छान चालायची, कधी अडायची, आणि ते क्रोमस क्लोराइड कुठून आलंय यावर ठरायचं. १९८६ मध्ये नोझाकी आणि किशी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की खरी मेख त्यातल्या निकेलच्या अंशात आहे. आज त्या अभिक्रियेत निकेल मुद्दाम घालतात. तसंच फेरिक क्लोराइडचं. २००९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बुखवाल्ड आणि बोल्म यांनी मिळून दाखवलं की लोहाच्या नावावर जमा झालेल्या काही जोडणी अभिक्रियांमध्ये तांब्याच्या सूक्ष्म अंशाचा हात होता. जास्त शुद्ध फेरिक क्लोराइड घेतलं की उत्पादन घटायचं आणि किंचित तांबं घातलं की पुन्हा वाढायचं.

म्हणून उत्प्रेरकी कामासाठी ९९ आणि ९९.९ यांत तुलना करत बसू नका. ट्रेस मेटल विश्लेषणाची नोंद असलेली बाटली घ्या, आणि निष्कर्ष महत्त्वाचा असेल तर वेगळ्या उत्पादकाच्या बाटलीवर तोच प्रयोग पुन्हा करा. आयसीपी-एमएसचं (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्राचं) काम असेल तर आम्लांबाबतही हेच. एआर नायट्रिक आम्लात पीपीएमच्या (दशलक्षात एक भाग) पातळीवर जे चालतं, ते पीपीबी मोजणाऱ्या यंत्राला मोठ्ठं दिसतं.

सॉल्व्हंट: एचपीएलसी, ड्राय, की एआर

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारी द्रव क्रोमॅटोग्राफी) ग्रेडचं सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, महाग असतं, म्हणून ते कोरडंही असेल असं गृहीत धरलं जातं. एचपीएलसी ग्रेडची हमी असते ती यूव्हीत (अतिनील प्रकाशात) कमी शोषण, बारीक गाळणी आणि बाष्पीभवनानंतर नगण्य अवशेष यांची. ॲसिटोनायट्राइल १९० नॅनोमीटरपर्यंत आणि मिथेनॉल साधारण २०५ पर्यंत वापरता येतं ते याच शुद्धतेमुळे. पाण्याची मर्यादा त्यातही असते, पण ती पाणी मुळीच न खपणाऱ्या ग्रिन्यार अभिक्रियेला पुरेशी नसते. त्यासाठी सेप्टम (सुईने टोचता येणारं रबरी बूच) लावलेली ड्राय ग्रेडची बाटली वेगळी मिळते, पाणी बहुधा ५० पीपीएमच्या खाली.

ड्राय बाटली विकत घ्यायची की घरी सुकवायचं? माझं मत स्पष्ट आहे: भट्टीत ३०० अंशांना तापवून सक्रिय केलेल्या ३ ॲंगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र खड्यांवर) दोन-तीन दिवस ठेवा. २०१० मध्ये विल्यम्स आणि लॉटन यांनी पाण्याची मोजमापं करून दाखवलं की टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) सुकवायला सीव्ह हे सोडियम-बेंझोफिनोनवर ऊर्ध्वपातन करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षाही सरस ठरतात. जळत्या सोडियमचा धोका पत्करून ती पद्धत चालू ठेवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर मात्र एलसी-एमएस ग्रेडच घ्या, कारण सोडियम-पोटॅशियमचे अंश तिथे ॲडक्टच्या (तुमच्या रेणूला चिकटलेल्या आयनांच्या) रूपात डोकं वर काढतात.

आता स्थिरक, म्हणजे सॉल्व्हंट बिघडू नये म्हणून घातलेले पदार्थ, ज्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

क्लोरोफॉर्म दोन प्रकारे स्थिर केलेलं मिळतं. एकात अर्धा ते एक टक्का इथेनॉल, दुसऱ्यात पीपीएमच्या प्रमाणात ॲमिलीन (एक हायड्रोकार्बन). हिशोब करून बघा. १०० मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये १ टक्का इथेनॉल म्हणजे १ मिलिलिटर, ०.७९ ग्रॅम, सुमारे १७ मिलिमोल. तुमची अभिक्रिया ५ मिलिमोल आम्ल क्लोराइड आणि अमाइनची असेल, तर फ्लास्कमध्ये त्याच्या तिप्पट अल्कोहोल आधीच बसलेलं आहे. एस्टर बनणार आणि दोष अमाइनवर जाणार. कॉलमवरही इथेनॉलमुळे ध्रुवता बदलते आणि टीएलसीवरचे (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीतले) ठिपके वर सरकतात. अशा कामांना ॲमिलीनवालं घ्या. पण क्लोरोफॉर्म बिघडताना बनणाऱ्या फॉस्जिन या विषारी वायूला आवर घालण्यात इथेनॉल अधिक भरवशाचं आहे. त्यामुळे बाटली महिनोन्‌महिने कपाटात राहणार असेल आणि इथेनॉल नडत नसेल, तर इथेनॉलवालंच बरं.

टीएचएफमध्ये बीएचटी (एक अँटिऑक्सिडंट) असतं, साधारण २५० पीपीएम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एक लिटर टीएचएफ रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) उडवलंत की फ्लास्कमध्ये जवळपास ०.२२ ग्रॅम बीएचटी मागे राहतं. ५० मिलिग्रॅम उत्पादनाची वाट पाहणाऱ्याला पांढरे स्फटिक दिसतात आणि आनंद होतो. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चुंबकीय वर्णपटात) १.४३ ला उंच सिंगलेट, सोबत २.२७ आणि ६.९८ दिसले तर ते तुमचं उत्पादन नाही. स्थिरक नसलेलं टीएचएफ यूव्हीसाठी आणि अशा कामांसाठी स्वच्छ, पण त्यात पेरॉक्साइड लवकर साठतं. ते लहान बाटलीतच घ्या, उघडल्याची तारीख लिहा, पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहा आणि न तपासता कधीही कोरडं होईपर्यंत उडवू नका.

पेशींवर वापरायची संयुगं

इनहिबिटर, पेप्टाइड, रेणूंच्या लायब्ररी यांच्या बाबतीत ‘शुद्धता ९८ टक्के, एचपीएलसीनुसार’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा बहुतेक वेळा क्रोमॅटोग्रामवरच्या शिखरांच्या क्षेत्रफळाचा असतो. २५४ नॅनोमीटरला जे शोषत नाही ते त्यात मोजलंच जात नाही: पाणी, अकार्बनी क्षार, उरलेलं सॉल्व्हंट. पेप्टाइडमध्ये ट्रायफ्लुओरोॲसेटेट आणि पाणी धरल्यावर बाटलीतलं खरं पेप्टाइड वजनाच्या पाऊण भागाएवढंच निघू शकतं. मात्रा मोजायची असेल तर नेट पेप्टाइडचा आकडा मागा. क्षार की मुक्त बेस हेही पाहा. प्रोप्रॅनोलॉलचा रेणुभार २५९.३४, त्याच्या हायड्रोक्लोराइडचा २९५.८०. गफलत झाली तर मात्रा बारा टक्क्यांनी चुकते.

शुद्धतेच्या पलीकडे ओळखीचाही प्रश्न आहे. २०१२ मध्ये उघड झालं की काही विक्रेते बोसुटिनिब म्हणून त्याचा भलताच आयसोमर विकत होते. क्लोरीन आणि मेथॉक्सी गटांच्या जागा बदललेल्या, रेणुभार तोच. मास स्पेक्ट्रममध्ये सगळं बरोबर दिसत होतं आणि एचपीएलसीवर शिखरही एकच. अशी चूक पकडायला एनएमआर लागतो. त्यामुळे स्वतः संश्लेषण करणारा पुरवठादार आणि फक्त बाटल्या बदलून विकणारा यांत निवड करायची असेल, तर त्या बॅचचा एनएमआर कोण देतं ते विचारा. जो देईल त्याच्याकडून घ्या, थोडा महाग असला तरी.

ऑर्डर लिहिताना

नावासोबत सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) लिहा, कारण हायड्रेटचा क्रमांक वेगळा असतो. निर्जल कॉपर सल्फेट ७७५८-९८-७, पेंटाहायड्रेट ७७५८-९९-८. ०.१ मोलर द्रावणाच्या एका लिटरसाठी पहिलं १५.९६ ग्रॅम लागतं, दुसरं २४.९७. निर्जलचं वजन धरून पेंटाहायड्रेट घातलं तर द्रावण ०.०६४ मोलरचंच होतं.

पाणी ओढणारी किंवा पेरॉक्साइड बनवणारी रसायनं मोठ्या बाटलीत स्वस्त पडली तरी लहानच घ्या. बाकीची खुशाल मोठी घ्या.

सीओए (विश्लेषण प्रमाणपत्र) आणि स्पेसिफिकेशन यांत गल्लत नको. स्पेसिफिकेशन ही मर्यादा असते, सीओए हा तुमच्या बॅचचा प्रत्यक्ष निकाल. तो बॅच क्रमांक टाकून उतरवून घ्या आणि क्रमांक वहीत प्रयोगाशेजारी लिहा. सहा महिन्यांनी अभिक्रिया अचानक चालेनाशी झाली तर शोध तिथूनच सुरू होईल. लांब चालणाऱ्या मालिकेसाठी तर पुरवठादाराला आधीच सांगून एकाच बॅचचा साठा राखून ठेवा.