१२१ नगांची बेस टेन पेटी, गुणाकारासाठी घ्यावी का?

चौथीतल्या पोरीसाठी हा सेट ऑनलाइन मागवला. बेस टेन म्हणजे दहा-दहाच्या पटीतले ठोकळे: हजाराचा एक मोठा ठोकळा, शतकाच्या १० पाट्या, दशकाचे १० दांडे आणि १०० सुटे, झाले १२१. दहा सुटे ओळीने लावले की एक दांडा, दहा दांडे शेजारी लावले की एक पाटी. घेतला फक्त गुणाकारासाठी त्यामुळे रिव्ह्यू पण तेवढ्यापुरताच, बेरीज वजाबाकीला काय, आइस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे पण चालतात.

सुटा ठोकळा बरोब्बर १ सेंमीचा आहे, पट्टी लावून बघितलं. हे महत्त्वाचं कारण गुणाकार म्हणजे एक संख्या आडवी, एक उभी धरून ठोकळ्यांचा आयत मांडायचा, माप जुळलं तरच तो आयत जुळतो आणि सगळी गंमत त्या आयतातच आहे. २३ × १४ घ्या. वर दोन पाट्या शेजारी शेजारी म्हणजे २० × १०, त्यांच्या उजवीकडे तीन दांडे उभे म्हणजे ३ × १०, पाट्यांखाली आडवे दांडे दोन-दोनच्या चार ओळी म्हणजे २० × ४, आणि उरलेल्या कोपऱ्यात १२ सुटे. २००, ३०, ८०, १२, टोटल ३२२.

आता पोरं काय करतात तर वीस दाहे दोनशे, तीन चोक बारा, २१२ लिहिलं की मोकळी. तोंडी कितीही सांगा पटत नाही. पण तसंच टेबलावर मांडायला लावलं तर पाट्या एकीकडे, सुटे तिरके खाली दुसरीकडे आणि मध्ये दोन मोठ्या रिकाम्या जागा, त्या भरल्या की ११० निघतात, मला काही बोलावंच लागलं नाही. उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीत जे शून्य देतात ना (आम्ही फुली मारायचो, का ते कोणी सांगितलं नाही) ते पण इथेच सुटतं, खालचा पट्टा ९२ चा, वरचा २३० चा, आणि कोणी २३० ऐवजी २३ च लिहिले तर म्हणायचं बाकीचे दांडे-पाट्या उचलून दाखव बरं.

प्रॉब्लेम दांड्यांचा. याच गणिताला ११ लागतात आणि पेटीत १०! १० सुटे ओळीने लावून भागतं, पण ३६ × २७ ला ३३ दांडे लागतात, दोन सेट आणले तरी १३ दांडे सुट्यांचेच बनवत बसा. तिथे सरळ कागदावर चार खाने आखायचे, ६००, २१०, १२०, ४२, बेरीज ९७२. मापात काढायची पण गरज नाही, तोवर कळलेलं असतं.

बाकी सगळं एकाच निळ्या रंगात का केलंय देव जाणे, आणि झाकण अगदीच तकलादू आहे, सुटे सोफ्याखाली जाणार हे धरूनच चाला. पाढे अर्थात पाठच पाहिजेत, ते ठोकळे देत नाहीत.

तिसरी-चौथीत नुकताच दोन अंकी गुणाकार सुरू झाला असेल तर घ्या. पाचवीच्या मुलासाठी नको, त्याला चार खान्यांचा कागद पुरे. एक स्टार दांड्यांसाठी कापलाय, हजाराच्या ठोकळ्याऐवजी आणखी दांडे दिले असते तर पाच दिले असते.